कंबरमागावरचे सुती टेबलमॅट : हालिएसाच्या विणीत आतापर्यंतचं काम

टेबलमॅटचा एक जोड मागावरून उतरला, दुसऱ्याचा ताणा (उभे धागे) चढला आहे. धाग्यांची घनता, खळ (ताण्याला लावायची पेज) आणि कडा यांबद्दल जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते, कारण कंबरमागावर, म्हणजे एक टोक कमरेला बांधून ताणायच्या मागावर, कमरेचे पट्टे विणणारे आपल्यात बरेच आहेत, पण टेबलासाठी विणणारे कमी.

झापोटेक (मेक्सिकोतले मूळ रहिवासी) लोकांचं विणकाम म्हटलं की तेओतित्लान देल वाये गावाचे लोकरी गालिचेच आठवतात. सुती कापडासाठी मात्र मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्यातली दुसरी गावं बघायला हवीत. मित्लात टेबलक्लॉथ विणतात ते पायाने दाबायच्या पावड्यांच्या मागावर. हा माग स्पॅनिश लोकांबरोबर 16व्या शतकात आला. कंबरमाग त्याच्या कितीतरी आधीचा, आणि ओकोत्लानच्या रस्त्यावरच्या सांतो तोमास हालिएसात तो आजही बायकांच्या हातात आहे. पट्ट्यांसाठी हे गाव प्रसिद्ध असलं तरी तिथे पिशव्या, रनर आणि मॅटही विणतात.

या विणीत ताणा इतका दाट असतो की बाणा (आडवा धागा) फक्त दोन्ही काठांना डोकावतो. नक्षीही ताण्याचेच धागे बोटांनी वेचून उठवतात. टेबलासाठी मला हीच वीण योग्य वाटते: कापड जाड होतं, गरम ताटाखाली टिकतं, सुरकुतत नाही. मी 10 नंबरचं दुपदरी सूत घेतलं, इंचाला 50 धागे. 12 इंच रुंदीला 600 धागे होतात, आणि इतक्या दाटीत ते एकमेकांना चिकटतात. फाशांची काठी (ठरावीक ताणे उचलणारी) नुसती वर ओढून वाट, म्हणजे बाणा घालायची फट, उघडत नाही. आधी पुढे झुकून ताण सैल करायचा, काठी उचलायची, बोटांनी धागे छेडून मोकळे करायचे, मग लाकडी पट्टी उभी घालून कमरेने मागे रेलायचं. हे अंगात भिनलं की माग अंगाचाच एक भाग होतो. मला या कामाचा खरा आनंद इथेच मिळतो.

खळीने फार फरक पडला. मेक्सिकोत कंबरमागाच्या ताण्याला मक्याची पेज, म्हणजे आतोले, लावायची जुनी रीत आहे. मी तांदळाची पातळ पेज गाळून लावते, धागे ताणलेले असतानाच, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावत नाही. लव बसते, वाट स्वच्छ उघडते.

नक्षी फक्त दोन्ही टोकांना ठेवली. वेचलेला धागा तीन बाण्यांपेक्षा जास्त मोकळा राहिला तर काटाचमचा त्यात अडकतो. हालिएसाच्या पट्ट्यांवरचे नर्तक, हरणं मी उचलणार नाही. ती त्या घरांची आहेत. साधी पायरीदार वळणं पुरेशी आहेत.

कडा चारही बाजूंनी बंद ठेवल्या, झालर नाही. त्यासाठी शेवटचा इंचभर सुईने विणावा लागतो, कारण तिथे पट्टी शिरत नाही. वेळ खूप जातो, पण धुतल्यावर एक धागा सुटत नाही. विणताना आणि पहिल्या गरम धुण्यात लांबी कमी होते, म्हणून 18 इंचांच्या मॅटला 21 इंचांचा ताणा धरा.

रंगात निळीने त्रास दिला नाही. कोचिनील या किड्यापासूनचा लाल रंग लोकरीवर धरतो तसा सुतावर सहज धरत नाही. आधी हिरडा, मग तुरटी, तेव्हा कुठे गुलाबी उतरला. तो मला आवडला, ठेवला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वाहाकाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात सान सेबास्तियान रिओ ओन्दो या झापोटेक गावात बायका चरख्यावर कापूस कातात. त्या उपक्रमाचं नावच ‘खादी वाहाका’, प्रेरणा गांधीजींच्या खादीची. तिथे कोयुची हा मुळातच तपकिरी असलेला कापूसही वापरतात. त्याची जात गॉसिपियम हिर्सुटम, म्हणजे आपल्या विदर्भात आज मुख्यतः पिकणारीच, आणि ती मूळची तिकडचीच.

आता तसा तपकिरी रंग हवा आहे, आणि बाणा दिसतच नसल्याने तो ताण्यातच घ्यावा लागेल. हातकताईचं एकेरी सूत इतक्या घासाला टिकणार नाही. मिथिलेच्या कोकटी या तपकिरी कापसाचं घट्ट पिळाचं दुपदरी सूत कुणी वापरलं असेल, तर नंबर आणि ते धुतल्यावर किती आटतं ते जरूर कळवा.