कलम सहा आणि माझा प्रोग्रॅम

आज जळगाव कोर्टात मामांच्या मागे दिवसभर. मामा वकील, मी कोडवाला. १९८६ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या सर्गॉट, कोवाल्स्की मंडळींनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉगमध्ये, म्हणजे तर्काच्या नियमांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहून दाखवला होता. म्हटलं, आपण हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ लिहू!

पहिली ओळ सोपी: वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं हिस्सेदार. अपवाद: २० डिसेंबर २००४ च्या आधी वाटणी झाली असेल तर नाही. वाटणी कोणती? नोंदणीकृत दस्ताची, नाहीतर कोर्टाच्या हुकूमनाम्याची. तीन नियम, प्रोग्रॅम पळाला, मी खूश.

मग मामांनी एक फाईल पुढे सरकवली. चोपड्याकडची केळीची जमीन, भाऊ म्हणतात १९९४ लाच तोंडी वाटणी झाली. दस्त नाही, फक्त पिवळी पडलेली फेरफार नोंद. प्रोग्रॅम म्हणाला, वाटणी नाही, बहिणीला हिस्सा. (प्रोलॉगला जे सिद्ध करता येत नाही ते खोटंच.)

मामा हसले. सुप्रीम कोर्टानं २०२० च्या विनीता शर्मा निकालात तोंडी वाटणी सहसा मानायची नाही म्हटलंय, पण सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तर अपवाद म्हणून मानता येईल. म्हणजे अपवादाला अपवाद! तोही लिहिता येतो हो, पण 'भक्कम' कुठल्या ओळीत बसवू? नुसत्या फेरफारानं तर मालकीही ठरत नाही.

"भो, तुन्हा कॉम्प्युटरले 'अपवाद म्हणून' समजस का?" मामा म्हणाले आणि काळा कोट झटकत उठले. पुकारा झाला होता.

ती ओळ अजून कोरीच आहे.