रामेण आणि रथेन

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. 'शाळेविषयी चार शब्द लिहून पाठवा.' लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीतच बाई आल्या. संस्कृतच्या बाई म्हटलं की आपल्यापैकी कुणालाच नाव सांगावं लागत नाही. त्यांच्यापुढे कागदावर दुसरं कुणी उतरेना. बाकीच्या सर्व गुरुजनांनी मला क्षमा करावी.

जून १९७९. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी होऊन मी हायस्कुलात आलो, आठवी 'ब'मध्ये. रोज पाच किलोमीटर चालत, मधला साकव ओलांडून, डोक्यावर इरलं घेऊन. पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, "सातवी मागे पडली, दहावी लांब आहे. हे एक वर्ष तुमचं स्वतःचं आहे. यंदा प्रश्न विचारून घ्या, पुढे वेळ मिळणार नाही."

आम्हा वाडीवरच्या पोरांना सगळे हिंदी घ्यायला सांगत. मी संस्कृतला हात वर केला आणि वाचायला उभा राहिलो तो 'बानः' म्हणत. आमच्याकडे पाण्याला पानी आणि लोण्याला लोनीच म्हणतात. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं, डबा खाऊ दिला आणि मग रामरक्षेतला 'रामो राजमणिः सदा विजयते' हा श्लोक म्हणायला लावला. रामाच्या आठही विभक्ती त्या एका श्लोकात आहेत आणि राजमणिः, रामेण, परायणं असे 'ण'ही आहेत. महिनाभर रोज एकदा. जीभ कुठे टेकते ते बघ, एवढंच सांगायच्या.

पहिल्या घटक चाचणीत मला २० पैकी ९ गुण पडले. 'देव'सारखा 'राम' चालवताना तृतीयेला मी 'रामेन' लिहिलं होतं, त्यावर लाल रेघ. मला वाटलं, माझा तो जुनाच दोष. पण मग मनात आलं, देवाचं 'देवेन' बरोबर, तर रामाचं 'रामेण' का? धीर करून शिक्षक खोलीच्या दारात उभा राहिलो. बाईंनी उत्तर दिलं नाही. चाळीस पानी वही दिली आणि म्हणाल्या, "पुस्तकात जिथे जिथे सापडेल तिथून लिहून काढ. आठ दिवसांनी ये."

एका बाजूला देवेन, बालकेन, फलानि, वनानि. दुसऱ्या बाजूला रामेण, नरेण, पुरुषेण, पत्राणि, पुष्पाणि. पाचव्या दिवशी साकवावर दिसलं, ज्या शब्दात आधी 'र' किंवा 'ष' आहे तिथेच 'ण' येतो. मी धावतच शाळेत गेलो. बाईंनी वही पाहिली, मान डोलावली आणि शेवटच्या पानावर एक शब्द लिहिला, 'रथेन?' यातही 'र' होता, पण 'ण' नव्हता.

पुढचे पंधरा दिवस मी येता-जाता रामेण, मूर्खेण, रथेन, अर्जुनेन पुटपुटत होतो. शेवटी तोंडातच उत्तर सापडलं. 'र' आणि 'ष' म्हणताना जिभेचं टोक वर जातं. मध्ये 'म' आला तर ओठ मिटतात, 'ख' आला तर जिभेची मागची बाजू उचलली जाते. टोक मोकळंच राहतं, म्हणून पुढे 'ण' होतो. 'थ' किंवा 'ज' आला की जिभेला जागा सोडावी लागते आणि 'न' तसाच राहतो. ज्या जिभेला 'ण' म्हणता येत नव्हता, तिनंच मला हे सांगितलं. बाई तेव्हा म्हणाल्या, पाणिनीनं हेच सूत्रात बांधून ठेवलंय. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला चुलीपाशी बसून सगळं समजावलं होतं.

पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं माती परीक्षण केलं. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी. एकदा एका नमुन्याचा सामू (पीएच) ८ च्या वर, म्हणजे उलट अल्कधर्मी आला. सहकारी म्हणाले, पिशवी बदलली असेल, दुसरा नमुना घेऊन मोकळे व्हा. मला 'रथेन' आठवलं. बांधावर गेलो. घर बांधताना शेताच्या त्याच कोपऱ्यात चुना कालवला होता.

माझा नातू यंदा आठवीत गेला. त्याला सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास, आणि आत्तापासून दहावीचं वेळापत्रक. संस्कृत घेतलंय, कारण त्यात गुण पैकीच्या पैकी पडतात. 'रामेण' का, असं मी त्याला विचारलं. "आजोबा, तसंच असतं ते," म्हणाला. मुलगा हुशार आहे. त्याला कुणी आठ दिवस दिलेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

बाई कार्यक्रमाला येणार आहेत, असं पत्रात वाचलं. ती चाळीस पानी वही मी सोबत आणतो आहे. पानं पिवळी पडलीत, पण शेवटच्या पानावरचा तो शब्द आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह अजून स्वच्छ वाचता येतं.