माझा अनुभव: विक्षिप्त कुटुंबाच्या २४ पट्ट्या तयार करताना

वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीचा (कॉमिक स्ट्रिपचा) प्रस्ताव पाठवायचा तर साधारण २४ पट्ट्या हातात तयार लागतात. आठवड्याला सहा धरल्या तर चार आठवड्यांचं काम. हे बाड करताना माझा निम्मा वेळ एकही चेहरा काढण्याआधी गेला, आणि तो तसाच जायला हवा. विक्षिप्त कुटुंबाची गंमत चेहऱ्यांत नसते. कोणाचं वेड कोणाच्या वेडाला आडवं जातं, यात ती असते.

माणसं पाचच ठेवली. आजोबा घरातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक देतात. आई घरातल्या भांडणांचं इतिवृत्त लिहिते. बाबा न बिघडलेली यंत्रं दुरुस्त करतात. मुलगी प्रश्नाचं उत्तर प्रश्नानेच देते. काका दोन दिवसांसाठी आलेत आणि अजून आहेत. एका माणसाला एकच वेड, कारण वाचक कोणत्याही दिवशी पहिल्यांदा पट्टी वाचू शकतो आणि तीन चौकटींत त्याला माणूस कळला पाहिजे. शिवाय त्या माणसाला आपण विक्षिप्त आहोत असं जराही वाटता कामा नये. क्रमांक घातले नाहीत तर घर कोलमडेल अशी आजोबांची खात्री आहे, म्हणून हसू येतं. ते स्वतःच स्वतःला हसू लागले की पट्टी मेली.

पाच माणसांच्या जोड्या होतात दहा. त्यांचा तक्ता काढून प्रत्येक घरात एक ठिणगी लिहिली. आई आणि आजोबा: इतिवृत्ताच्या वहीला कोणता क्रमांक द्यायचा यावरून वाद, आणि त्या वादाची नोंद त्याच वहीत. बाबा आणि काका: बाबा काकांच्या बॅगेची चेन दुरुस्त करतात, आता बॅग उघडतच नाही, म्हणजे काकांचं जाणं रद्द. एखाद्या माणसाची दोन-तीन घरं कोरी राहिली तर विनोद शोधत बसू नये, माणूस बदलावा. त्याचं वेड इतरांना आडवं येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२४ पट्ट्यांसाठी ६० कल्पना लिहून काढल्या. चाळणी एकच, पण निर्दयपणे लावायची: संवाद तेच ठेवून बोलणाऱ्यांची अदलाबदल करायची. बाबांचं वाक्य काकांच्या तोंडीही तेवढंच चालत असेल तर ती पट्टी या कुटुंबाची नाही. चांगले चांगले विनोद इथे गळतात. गळू द्यावेत.

मग मापं. मूळ चित्र १३ इंच रुंद आणि ४ इंच उंच घेतलं. छापताना ते ६ इंचांवर आलं तर सगळं ४६ टक्क्यांवर उतरतं, आणि पहिला मार बसतो अक्षरांना. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात शिरतो. मूळ चित्रात अक्षर ५ मिमी उंच, वर मात्रेला आणि खाली उकाराला अडीच-अडीच मिमी, वर थोडी हवा, म्हणजे शिरोरेषेपासून शिरोरेषेपर्यंत ११ मिमी. तीन ओळींतच चौकटीचा तिसरा हिस्सा संपतो. त्यामुळे एका चौकटीत १२ ते १५ शब्द ही मर्यादा आपोआप ठरते. शेवटच्या चौकटीत मी आठाच्या वर जात नाही.

अक्षरं आधी, फुगे नंतर, माणसं शेवटी. उलट क्रमाने गेलं की फुगा डोक्यावर चढतो किंवा शब्द कोंबावे लागतात. आधी बोलणारा डावीकडे उभा असावा, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. दार एकदा उजवीकडे काढलं की तिन्ही चौकटींत उजवीकडेच.

पेन्सिलीच्या टप्प्यावर पाचही जण एका ओळीत उभे करून उंचीचा तक्ता काढला आणि सगळे पूर्ण काळे भरून पाहिले. नुसत्या सावलीवरून माणूस ओळखू आला नाही तर केस, पोक किंवा पोट यांपैकी काहीतरी बदलायचं. भरीव काळा रंग फक्त काकांच्या कोटाला ठेवला. नजर आधी तिथे जाते, आणि प्रत्येक खोलीत ते आहेतच हे न सांगता कळतं.

शाईच्या बाबतीत वर्तमानपत्राचा कागद दयामाया दाखवत नाही. शाई पसरते. ०.३ मिमीची रेघ छापताना ०.१४ मिमीच्या आसपास येते आणि तुटते; एकमेकींना चिकटून ओढलेल्या बारीक रेघा मात्र गिजबिजून डाग होतात. मूळ चित्रात दोन रेघांमध्ये किमान १ मिमी अंतर सोडलं. करड्या छटा टाळल्या. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), निव्वळ काळं-पांढरं, आणि टिफ फाइलमध्ये. जेपेगमध्ये रेघेच्या कडेला कचरा जमतो. १३ इंचांवर ७८०० पिक्सेल मिळतात, ते ६ इंचांत छापले की इंचाला १३०० पडतात. तेवढे पुरतात. प्रत्येक पट्टी छापील मापात साध्या कागदावर काढून हातभर अंतरावरून वाचली. अडखळलं ते पुन्हा लिहिलं.

वयाचा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. ‘गॅसोलीन ॲली’ या अमेरिकी चित्रपट्टीत १९२१ साली दारात ठेवलेलं बाळ वाचकांबरोबर मोठं होत गेलं. १९३० साली सुरू झालेल्या ‘ब्लॉन्डी’ या दुसऱ्या अमेरिकी पट्टीतली मुलं किशोरवयापर्यंत वाढली आणि तिथेच थांबली. मी वयं गोठवली, कारण ‘दोन दिवसांसाठी आलेले’ काका काळ सरकला की केविलवाणे वाटू लागतात.

पट्ट्या छपाईच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात, म्हणून ताज्या बातमीवरचं काही ठेवलं नाही. आजारपणासाठी सहा बिनतारखेच्या पट्ट्या वेगळ्या काढल्या.

पाठवताना फक्त प्रती. मूळ चित्रं कधीच नाहीत. पानावर चार याप्रमाणे सहा पानं, प्रत्येक पानावर नाव, पत्ता आणि हक्काची खूण (©), सोबत पात्रांची ओळख एका पानात. पहिल्या पानावर एकेकाची ओळखपरेड करण्याचा मोह होतो. मी तिथे जोड्यांच्या चार सर्वांत जोरकस पट्ट्या लावल्या, कारण ते पान आवडलं नाही तर पुढची पाच उलटली जात नाहीत. बॅगेच्या चेनची पट्टी तिथे तिसरी आहे: तोवर बाबांची दुरुस्ती एकदा दिसून गेलेली असते.