ताई, येताना जीपीएस आणशील का?

मावसभावाचा मेसेज आला, ताई डिसेंबरात येतेयस ना, मग सायकलचा जीपीएस (हँडलवर लावायचं, रस्ता दाखवणारं छोटं यंत्र) आण ना तिकडून, की फोनवर भागेल? प्रश्न दोन ओळींचा, पण मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही, कारण या विषयावर आमच्या घरात एकदा कडाक्याचं भांडण झालंय आणि त्याच्या आदल्या दिवशी मी एका बांधावर चिंब भिजून रडलेय. म्हटलं सविस्तरच लिहू, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

मी नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला राहते. इथल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील असा स्टँड आहे, यावरून काय ते समजा. पुण्यात कॉलेजला गेल्यावर जी सायकल सोडली आणि स्कूटी धरली ती मी इथे येऊन परत सायकलवर आले. रोजच्या ऑफिस-भाजी-लायब्ररीला नकाशा लागतच नाही, लागला तरी फोन खिशात आणि एका कानात इअरफोन, बाई सांगते डावीकडे वळा, आपण वळायचं. स्क्रीन बंद असली की बॅटरीपण फारशी जात नाही. इथपर्यंत फोन उत्तम, उगाच पैसे घालवू नका.

गोष्ट बिघडली ती एप्रिलमध्ये. इथून दक्षिणेला बेतुवे नावाचा भाग आहे, सफरचंद, नासपती, चेरी यांच्या बागाच बागा, आणि एप्रिलमध्ये सगळं फुलतं. रविवार होता, नवरा म्हणाला मला झोपायचंय तू जा, मी निघाले. हाउटन, स्खाल्कवाइक, मग लेक नदी, ती पोंटने ओलांडायची (पोंट म्हणजे आपली फेरीबोट, गाड्यापण चढतात), पलीकडे क्यूलेमबोर्ग, आणि तिथून पुढे लिंगे नदीच्या काठाकाठाने बागा. फोन हँडलवर माउंटमध्ये, ब्राइटनेस फुल कारण ऊन होतं, आणि ऊन आहे म्हणून मी खुश.

या देशात ऊन आहे म्हणून खुश होणं हाच बावळटपणा. बागांमधून फोटोबिटो काढून परत फिरले आणि तासाभरात पाऊस आला, म्हणजे आपल्यासारखा बदाबदा नाही, आडवा, बारीक, न थांबणारा. टचस्क्रीनला थेंब आणि बोट यातला फरक कळत नाही हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. प्रत्येक थेंबाला नकाशा सरकायचा. मी ग्लोव्ह काढून ओल्या बोटाने जागेवर आणायची, तो परत झूम आउट, एकदा तर सगळं युरोप दिसायला लागलं आणि मी कुठेतरी निळ्यात. त्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे चारचा चहा झालेला, तिला वाटलं लेकीशी बोलावं. नकाशाच्या जागी आईचं कपाळ. कट केला तर परत केला, कारण कट केला म्हणजे नक्की काहीतरी झालंय. मग थांबून, ओढणीसारखा स्कार्फ डोक्यावर धरून, हो गं ठीक आहे गं, पाऊस आहे गं, जेवले गं. फोन ठेवला तेव्हा चार टक्के, आणि दोन किलोमीटरवर तो गेला.

आता खरी गंमत. नकाशा गेला याचं काही एवढं नाही, नेदरलँड्स सपाट आहे, कुठेतरी पोचतोच माणूस. पण माझं बँक कार्ड फोनमध्ये, पोंटचे पैसे फोनमधून दिलेले, ट्रेनला चेक-इन फोननेच करते, पाकीट घरी. आणि नवऱ्याचा नंबर पाठ नाही! अख्ख्या जगात मला पाठ असलेला एकच फोन नंबर म्हणजे सदाशिव पेठेतल्या आमच्या घरचा लँडलाइन, जो बंद होऊन दहा वर्षं झाली. तिथे रडले.

एक आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते, त्यांनी विचारलं काय झालं, मी तोडक्यामोडक्या डचमध्ये सांगितलं, तर ते हसलेच आणि मागच्या खांबाकडे बोट दाखवलं. खांबावर छोटी पाटी, एक नंबर आणि एक बाण. याला इथे क्नोपपुंट म्हणतात, मी शंभरदा बघितलं होतं आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. सायकलरस्ते जिथे एकमेकांना मिळतात अशा प्रत्येक ठिकाणाला नंबर, आणि तिथून पुढच्या नंबरांकडे बाण. बहुतेक नंबरांपाशी नकाशाचा बोर्डपण असतो. आपण फक्त नंबरांची यादी करायची आणि जायचं. मूळ कल्पना बेल्जियमची, ह्यूगो बोलेन नावाच्या माणसाची, तो आधी कोळशाच्या खाणीत इंजिनियर, नव्वदच्या दशकात तिकडच्या लिम्बर्गमध्ये सुरू झालं आणि मग इकडे देशभर पसरलं. आजोबांनी नदीपर्यंतचे आकडे माझ्या हातावर बॉलपेनने लिहून दिले. दोन पावसाने पुसले गेले, पण तोवर युक्ती कळली होती. पोंटवाल्याला हात जोडून सांगितलं पैसे नाहीत, त्याने मान हलवून चढ म्हणून खुणावलं. सात वाजता घरी.

दुसऱ्या दिवशी भांडण. नवऱ्याचं म्हणणं, पंधरा युरोची पॉवरबँक घे, विषय संपला. बरोबर वाटतं ना? पण हल्लीच्या फोनना चार्जिंगचं भोक ओलं झालं की ते वॉर्निंग देतात आणि चार्जच होत नाहीत, म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच पॉवरबँक शोभेची. माझं म्हणणं एवढंच, ज्या वस्तूत माझे पैसे, तिकीट आणि आई आहे ती वस्तू मी हँडलवर पावसात लावून जाळणार नाही. नकाशाला वेगळं यंत्र. मार्क्टप्लाट्सवर, म्हणजे इथलं जुन्या वस्तूंचं मार्केट, सेकंडहँड घेतलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही कारण आता मी त्याला नावं ठेवणार आहे.

अडीच इंची स्क्रीन, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, बाजूला बटणं. बटणं हीच खरी चैन, ग्लोव्ह घालून, धो धो पावसात, दाबलं की दाबलं जातं. बॅटरी सहज दिवसभर. स्क्रीन फोनच्या मानाने अगदीच फिकी, घरात बघितलं तर वाटतं फसलो, पण बाहेर उन्हात धरली की उलट जास्त स्पष्ट दिसते, कारण ती बाहेरच्या उजेडावरच चालते. पण डोकं नाही हो त्याला. गावाचं नाव टाकायचं तर जुन्या नोकियावर मेसेज टाइप केल्यासारखं एकेक अक्षर. रस्ता खोदलेला असला, आपण गल्लीतून वळसा घातला, की ते बिचारं दहा मिनिटं मागे फिर मागे फिर करत बसतं. त्यामुळे आता माझी पद्धत अशी की रूट घरी सोफ्यावर फोनमध्ये करायचा, त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेला रस्ता साठवलेली फाइल, यंत्रात पाठवायची, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या खिशात. अडलंच तर थांबून फोन काढायचा. थांबूनच, कारण इथे २०१९ च्या जुलैपासून चालत्या सायकलवर फोन हातात धरायला बंदी आहे, सुरुवातीलाच ९५ युरो दंड होता, आता त्याहून जास्त. माउंटमध्ये असला तर चालतो.

आणि हो, टॉप ट्यूबवर, म्हणजे सायकलच्या वरच्या दांड्यावर, कागदी चिकटपट्टी लावून त्यावर क्नोपपुंटचे आकडे पेन्सिलने लिहिते, पेन्सिल पावसात जात नाही. नवरा हसतो.

आता भाऊराया, तुझं. तू रोज सिंहगडला जातोस, त्याला जीपीएस म्हणजे देवळात जायला नकाशा. पण तू म्हणालास अलिबाग ते गोवा किनाऱ्याने करायचंय, तर गोष्ट वेगळी. तिकडे तुझा शत्रू पाऊस नाही, ऊन. फोन साधारण ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, काळा फोन हँडलवर कोकणच्या उन्हात ठेवला तर आधी स्क्रीन मंद होते आणि मग तो सरळ गरम झालो म्हणून संप करतो. शिवाय रेंज जाते येते. त्यात एक गैरसमज काढून टाक, जीपीएसला नेट लागत नाही, फोनलाही नाही, सॅटेलाइटचा सिग्नल फुकट येतो, नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. म्हणून जे काय वापरशील त्यात नकाशे घरूनच उतरवून ने. गार्मिन, वाहू, ब्रायटन अशा कंपन्या आहेत, बघ कुठलं बजेटमध्ये बसतं, मॅप असलेलं घे, नुसती रेघ दाखवणारं स्वस्त मॉडेल तुझ्या उपयोगाचं नाही, कारण रेघ चुकलास की पुढे अंधार.

मावशीला काळजी की कस्टममध्ये धरतील. तिला सांग, धरतात ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणाऱ्या यंत्रांना, ती परवान्याशिवाय भारतात चालत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर परदेशी लोक त्यापायी अडकल्याच्या बातम्यापण होत्या. सायकलचं यंत्र सॅटेलाइटला काही पाठवत नाही, फक्त ऐकतं.

तर आणते. पण आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या फेरीबोटींच्या वेळा त्यात नसतील, त्या जेट्टीवर आदल्या दिवशी विचारून ठेव, सुट्टे पैसे खिशात ठेव, आणि माझा नंबर पाठ कर. चार्जरची पिन कुठली आहे तुझ्याकडे, सी का जुनी, तेवढं कळव.