तुम्ही विचारलंत म्हणून : द्झुरिल्ला पुढे का आला

आईस हॉकीची आवड असलेले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात : 'ज्याच्यावर झालेला एक गोल कॅनडात आजही कौतुकाने आठवला जातो, त्या व्लादिमिर द्झुरिल्लाला तुम्ही थोर गोलरक्षक कसे मानता?' प्रश्न रास्त आहे. मी स्वतः कॉलेजात मैदानी हॉकीत गोलपोस्टसमोर उभा राहिलेलो आहे, आणि माझे उत्तर त्या अनुभवातूनच येते.

द्झुरिल्लाचा जन्म 1942 चा, ब्रातिस्लाव्हाचा. स्लोव्हाकिया तेव्हा आजच्यासारखा स्वतंत्र देश नव्हता. युद्धानंतर हा प्रदेश पुन्हा चेकोस्लोव्हाकियाचा भाग झाला आणि त्याच देशासाठी तो खेळला. धिप्पाड बांध्याचा हा माणूस व्यवसायाने फ्रीज दुरुस्त करणारा कारागीर होता. स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा या आपल्या गावच्या क्लबकडून तो दशकभराहून अधिक काळ खेळला, नंतर ब्रनोला गेला. 1964, 1968 आणि 1972 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या संघांत तो होता, आणि 1965 च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत त्याला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून निवडण्यात आले.

परंतु पदकांपेक्षा मला 21 मार्च 1969 ची स्टॉकहोममधील लढत अधिक मोलाची वाटते. आदल्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. प्रागला व्हायची ती विश्वविजेतेपद स्पर्धा त्यामुळेच स्वीडनला हलवावी लागली होती. अशा वेळी समोर सोव्हिएत संघ, तोही वर्षानुवर्षे जगज्जेता असलेला, आणि गोलसमोर द्झुरिल्ला. चेकोस्लोव्हाकियाने तो सामना 2-0 असा जिंकला. सामना संपल्यावर चेकोस्लोव्हाक खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन केले नाही. ज्यांना रस्त्यावर काही बोलता येत नव्हते, त्यांच्या वतीने त्या संध्याकाळी बर्फावर बोलले गेले, आणि त्या बोलण्यात द्झुरिल्लाने गोलफलकावर राखलेल्या शून्याचा वाटा फार मोठा होता, असे मी मानतो.

आता त्या प्रसिद्ध गोलविषयी. आईस हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. गोलरक्षक रेषेवरच थांबला, तर फटका मारणाऱ्याला दोन्ही बाजूंना बरीच जाळी मोकळी दिसते. तोच दोन-तीन पावले पुढे सरकला, की त्याचे शरीर जवळजवळ सगळी जाळी झाकून टाकते. आम्ही याला 'कोन कमी करणे' म्हणत असू. मात्र यात एक धोका कायमचा असतो : समोरच्याने फटका मारलाच नाही, तो पक (खेळातली रबरी चकती) घेऊन बाजूने निघून गेला, तर मागे गोल उघडा पडतो. द्झुरिल्ला हा धोका जाणूनबुजून पत्करणारा गोलरक्षक होता.

9 सप्टेंबर 1976 रोजी, पहिल्या कॅनडा चषक स्पर्धेत, मॉन्ट्रियलमध्ये त्याने बॉबी ऑर, बॉबी हल, फिल एस्पोझिटो, गी लाफ्लर यांच्यासारखे खेळाडू असलेल्या कॅनडाच्या संघाला एकही गोल करू दिला नाही. मिलान नोव्हीच्या एकमेव गोलवर चेकोस्लोव्हाकिया 1-0 ने जिंकला. त्यानंतर टोरंटोतील अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याच्यावर चार गोल झाले आणि त्याला बाहेर बसावे लागले. 15 सप्टेंबरच्या दुसऱ्या सामन्यात इर्झी होलेचेकवर सुरुवातीलाच दोन गोल झाल्यावर पुन्हा त्यालाच उतरवण्यात आले. दोनच दिवसांपूर्वी काढून घेतलेल्या खेळाडूने दोन गोलांनी मागे पडलेल्या संघात असे उतरणे किती कठीण असते, हे गोलरक्षकालाच ठाऊक! तो उभा राहिला आणि संघ सावरला; शेवटची काही मिनिटे उरली असताना चेकोस्लोव्हाकिया 4-3 असा पुढे होता. कॅनडाने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला.

द्झुरिल्ला फार पुढे येतो, हे कॅनडाचे सहप्रशिक्षक डॉन चेरी यांनी हेरले होते आणि आपल्या खेळाडूंना तसे सांगूनही ठेवले होते. डाव्या बाजूने आलेल्या डॅरिल सिट्लरने फटक्यासाठी स्टिक उगारली, द्झुरिल्ला कोन कमी करायला पुढे आला, सिट्लरने फटका रोखून त्याला वळसा घातला आणि उघड्या गोलमध्ये पक सारला.

या गोलला द्झुरिल्लाची चूक म्हणणे मला पटत नाही. ज्या सवयीने सहा दिवसांपूर्वी त्याच संघाला शून्यावर रोखले, तीच सवय ओळखून तिच्यावर उतारा शोधावा लागला. तो अखेरच्या क्षणी रेषेवर थांबून राहिला असता, तर तो द्झुरिल्ला राहिला नसता.

पुढच्याच वसंतात, 1977 मध्ये, व्हिएन्नात जगज्जेत्या ठरलेल्या चेकोस्लोव्हाक संघात तो होता. नंतर तो जर्मनीत खेळला आणि तेथेच, 1995 च्या जुलैमध्ये, 53 वर्षे पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना त्याचे निधन झाले. 1998 साली आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाने आपल्या सन्मान दालनात त्याचे नाव समाविष्ट केले.