नोंद ७ : हिरव्या दिव्यासाठी मोडलेल्या विभक्ती पुन्हा जोडल्या

मंडळी, गेल्या दोन महिन्यांत साइटवर एकाही नव्या गडाचं पान चढवलं नाही. सह्याद्रीतल्या गडवाटांची ६४ पानं आधीच आहेत, आणि त्यातली निम्मी मलाच वाचवत नव्हती. म्हणून सगळी नव्याने वाचायला घेतली.

दोष कुठे होता ते हरिश्चंद्रगडाच्या पानावर दिसलं. पहिल्या परिच्छेदात मी लिहिलं होतं : 'हरिश्चंद्रगड ट्रेक साठी पाचनई गाव ला यावे. हरिश्चंद्रगड ट्रेक चा हा मार्ग सोपा आहे.' असं कोण बोलतं? कोणीच नाही. पण एसईओच्या, म्हणजे पान शोधात वर यावं म्हणून मजकूर तपासणाऱ्या प्लगिनमध्ये ठरवलेला शब्दगट अक्षर न् अक्षर तसाच यावा लागतो, तेव्हाच त्याचा 'पान ठीक आहे' सांगणारा दिवा हिरवा होतो. त्याला 'हरिश्चंद्रगडावर', 'हरिश्चंद्रगडाची', 'गडाच्या' ही रूपं एकाच शब्दाची आहेत हे कळत नाही. सामान्यरूप झालं की त्याच्या हिशेबात तो शब्द पानावर नाहीच. म्हणून मी प्रत्यय सुटे केले, तेच नाव चार-चारदा घातलं आणि दिवा हिरवा करून घेतला. हा दिवा प्लगिनचा आहे, गूगलचा नाही, हे ठाऊक असूनही केलं.

गूगलने वाक्यातले शब्द एकमेकांच्या संदर्भाने समजून घेणारी बर्ट प्रणाली २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजी शोधात आणली आणि डिसेंबरमध्ये ती ७० हून जास्त भाषांत नेली. त्यांत मराठीही होती. मी मात्र २००५ साली लिहिल्यासारखी वाक्यं रचत होतो.

आता तोच परिच्छेद असा आहे : 'गडावर जायची सगळ्यात सोपी वाट अकोले तालुक्यातल्या पाचनईतून. गाव सोडलं की चढ लागतो आणि पुढे वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते.' प्लगिनचा दिवा लाल झाला. आठ आठवडे झाले, सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) त्या पानाचं शोधातलं सरासरी स्थान १४ वरून ९ वर आलंय. एका पानावरून सिद्धांत मांडणार नाही, पण भीती होती तसं पान खाली तरी गेलं नाही. पावसाळ्यात गडांचे शोध मुळातच वाढतात, त्यामुळे क्लिक वाढले म्हणून हुरळून जाऊ नका. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतो. मागच्या वर्षीचे तेच महिने शेजारी ठेवून बघा, मग खरं काय ते कळतं.

दुसरं मोठं काम नळीच्या वाटेचं. ही वाट मुरबाडकडच्या बेलपाडा गावातून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या बाजूने वर येते, आणि पाचनईच्या वाटेशी तिची तुलनाच होत नाही. माझ्याकडे ती हरिश्चंद्रगडाच्या पानावर तीन ओळींत होती. शोध मात्र 'नळीची वाट पाणी', 'नळीची वाट किती तास', 'नळीची वाट पावसाळ्यात' असे येत होते. शोधात पान दिसायचं, पण कोणी उघडत नव्हतं. का उघडतील? त्यांना हवं ते त्यात नव्हतंच. आता तिचं स्वतंत्र पान केलंय : सुरुवात कुठून, पाणी कुठवर भरून घ्यायचं, दोर कुठे लागतो, आणि पावसाळ्यात का जाऊ नये. हे शेवटचं मी सगळ्यात वर ठेवलं. वाचणारा उद्या खरंच तिथे जाणार असतो.

उलट, खिरेश्वर गावातून टोलार खिंडीमार्गे गडावर येणाऱ्या वाटेवर मी वेगवेगळ्या वर्षी चार लेख लिहिले होते. चारही एकाच शोधासाठी आपापसांत भांडत होते. त्यांचं एक नीट पान केलं आणि बाकीच्या तीन पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट लावलं, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी माणूस नव्या पानावरच पोचतो.

आता खास देवनागरीची दोन दुखणी. पहिलं 'ऱ्या'चं. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'कातळातल्या पायऱ्यांची वाट' हे शब्द गडांच्या पानांवर पावलोपावली येतात. जुन्या कीबोर्डवर मी ते र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असं टाइप करायचो, नव्या कीबोर्डवर खालच्या टिंबाच्या ऱ ने. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकासाठी वेगळी अक्षरं. माझ्याच साइटच्या शोधपेटीत 'पायऱ्या' टाकलं तर निम्मी पानं सापडत नव्हती. सगळीकडे ऱ केला, एका संध्याकाळचं काम.

दुसरं पत्त्यांचं. पत्त्यात 'हरिश्चंद्रगड' देवनागरीत लिहिलं तर युनिकोडची १२ चिन्हं होतात. तो पत्ता कॉपी करून पाठवला की प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरं, म्हणजे एका नावाची १०८ अक्षरं. गूगलला देवनागरी पत्ते चालतात, त्यामुळे जुने बदलले नाहीत. पण व्हॉट्सअॅपवर तो ढीग बघून माणूस दचकतो, म्हणून नव्या पानांचे पत्ते छोटे, रोमन लिपीत ठेवतोय.

पानाच्या कोडमधल्या भाषेच्या खुणेत साइटच्या थीमने (तयार साच्याने) इंग्रजी नोंदवली होती, ती मराठी केली. गूगल भाषा पानावरच्या मजकुरावरून ओळखतो, त्या खुणेवरून नाही, तेव्हा क्रमांकासाठी याचा उपयोग नाही. पण फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. माझ्या पानांवर ते आता तसे दिसतात आणि मला फार बरं वाटतं.

वेगाबद्दल थोडक्यात. कोकणकड्याचा वरचा फोटो फोनवरून थेट चढवलेला, ५ एमबीचा होता. वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून १८० केबीवर आणला. त्यावरचं लेझी लोडिंगही (फोटो लागेल तेव्हाच मागवणं) काढलं, कारण पान उघडताच दिसणारा सगळ्यात मोठा फोटो उशिरा मागवला की एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, बिघडतो. तो २.५ सेकंदांच्या आत यायला हवा, माझ्या फोनवर ४ च्या पुढे होता, आता २.१ आहे.

प्रश्नोत्तरांचा स्कीमा, म्हणजे पानावरची प्रश्नोत्तरं गूगलला ओळखू यावीत म्हणून घातलेला कोड, काढून टाकला. ऑगस्ट २०२३ नंतर गूगलने त्याची शोधातली जागा सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइट्सपुरती ठेवली होती, तो सांभाळण्यात अर्थ नव्हता.

एक घात मात्र झाला. साइट नव्या सर्व्हरवर हलवताना ज्यांनी काम केलं त्यांनी चाचणीपुरतं नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान शोधात घेऊ नका' असं शोधयंत्रांना सांगणारी खूण, लावलं आणि काढायचं राहिलं. मला १९ दिवसांनी कळलं, तोवर ११ पानं शोधातून गेली होती. तुमच्यावर ही वेळ आली तर घाईने रोबोट्स फाइलमध्ये (कोणती पानं उघडायची नाहीत ते शोधयंत्रांना सांगणारी फाइल) ती पानं बंद करू नका. तिथे अडवलं तर गूगल पान उघडतच नाही आणि नोइंडेक्स काढलंय हे त्याला दिसत नाही. मी खूण काढली, महत्त्वाच्या पानांची पुन्हा तपासणी मागितली. ९ परत आली आहेत.

राहिलेल्या दोनांत साधले घाटाचं पान आहे. सर्च कन्सोल म्हणतो, पाहिलं पण इंडेक्समध्ये (गूगलच्या शोधाच्या यादीत) घेतलं नाही. वाचून बघितलं तर त्यात जेमतेम १२० शब्द आणि एक धुरकट फोटो. रविवारी घाट उतरून येतो, मग ते पान नव्याने लिहायला घेईन.