पायथनच्या शंका विचारायला योग्य चॅट शोधताना: माझा अनुभव

आमच्या वाचनालयाची ग्रंथयादी संगणकावर नीट लावण्यासाठी मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली, तेव्हा शिकण्याचे साहित्य मुबलक मिळाले. परंतु प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर रात्री विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरलाच. ओळखीत कोणी प्रोग्रॅमर नसल्यामुळे मी चॅटवरचे समूह धुंडाळू लागलो.

सर्वात सहज सापडतात ते व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरचे गट. मी ज्यांत गेलो त्यांपैकी बहुतेकांत नोकरीच्या जाहिराती आणि कोर्सच्या सवलती यांचाच पूर होता. प्रश्न विचारला की गटात शांतता राही आणि खासगी निरोप मात्र येई, ‘फी भरा, शिकवतो’ असा. त्यावरून मी एक कसोटी ठरवली: उत्तर सर्वांसमोर दिले जाते का? चार जाणकारांच्या नजरेखाली दिलेल्या उत्तरातली चूक लगेच दुरुस्त होते. खासगी उत्तर चुकीचे असले तरी ते तपासणारा कोणी नसतो.

या कसोटीला उतरलेली पहिली जागा म्हणजे डिस्कॉर्ड या चॅटच्या अ‍ॅपवरचा ‘पायथन डिस्कॉर्ड’ हा सर्व्हर, म्हणजे तेथला समूह. तेथे प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र धागा मिळतो आणि त्यात बराच वेळ कोणी काही लिहिले नाही तर बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तो बंद करतो. गृहपाठ किंवा परीक्षेतील प्रश्न सोडवून देणे आणि पैशांच्या बदल्यात काम करणे नियमांनी वर्ज्य आहे. माझी अडचण अशी होती की यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) उघडताच पायथन ‘हे बाइट (संगणकातील माहितीचे छोटे एकक) वाचता येत नाही’ अशा अर्थाची त्रुटी दाखवी. तेथील एका मदतनिसाने त्रुटीचा संपूर्ण मजकूर मागितला आणि नेमके कोणते बाइट अडते ते पाहण्यास सांगितले. बाइट ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या पद्धतीने लिहितात; त्या पद्धतीत ते ८डी होते. विंडोजवर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत, सांगितले नाही तर पायथन संगणकाच्या जुन्या सांकेतिक तक्त्याचा आधार घेतो. माझ्याकडे तो १२५२ क्रमांकाचा होता आणि त्यात ८डी ही जागा रिकामीच आहे. त्या मदतनिसाला देवनागरी येत नव्हती, म्हणून ‘तुमच्या लिपीत तेथे कोणते चिन्ह आहे?’ असे त्याने मलाच विचारले. युनिकोडचा, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारा, तक्ता पाहिल्यावर उलगडा झाला: यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये हलन्ताचे चिन्ह ई०, ए५, ८डी या तीन बाइटांनी लिहिले जाते, आणि माझ्या यादीतला पहिलाच शब्द ‘क्रमांक’ असल्यामुळे प्रोग्रॅम पहिल्या जोडाक्षरालाच अडखळत होता. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिल्यावर काम झाले. आयते उत्तर मिळाले असते तर हे मला कधीच कळले नसते.

त्यानंतर आयआरसी या इंटरनेटवरच्या जुन्या चॅट पद्धतीकडे वळलो. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तयार केलेली ही पद्धत दिसायला रूक्ष आहे: नुसत्या ओळी, आणि आपण जोडलेले नसताना झालेले बोलणे नंतर दिसतही नाही. फ्रीनोड या आयआरसीच्या जाळ्याचे स्वयंसेवक मे २०२१ मध्ये मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवे जाळे सुरू केले. आज मुक्त स्रोत प्रकल्पांची (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो) कित्येक चॅनेल, म्हणजे चर्चेच्या खोल्या, तेथे आहेत. ‘विचारू का?’ असे विचारत बसू नये, सरळ प्रश्न मांडावा, आणि लांब कोड चॅनेलमध्ये न ओतता पेस्ट करण्याच्या संकेतस्थळावर ठेवून त्याचा दुवा द्यावा, हा तेथला शिरस्ता. युरोप आणि अमेरिकेतले लोक जागे असतात तेव्हा, म्हणजे आपल्या संध्याकाळनंतर, उत्तरे लवकर येतात. पश्चिम बंगालमधील दुर्गापूरच्या लिनक्स गटाचे, अर्थात डीजीप्लगचे, उन्हाळी प्रशिक्षण २००८ मध्ये अशाच चॅनेलवर सुरू झाले. वर्गात हात वर करण्याऐवजी उद्गारचिन्ह टाइप करायचे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. संथ वाटते खरे, पण एकाच वेळी दहा जण बोलण्याचा गोंधळ त्यामुळे टळतो.

झुलिप हे आणखी एक चॅटचे साधन मात्र मला रचनेमुळे आवडले. तेथे संभाषणाला विषयाचे नाव देता येते, त्यामुळे जुनी चर्चाही शोधून सापडते. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या प्रकल्पाचे काम झुलिपवर चालते आणि त्यातील सार्वजनिक चर्चा खाते न उघडताही वाचता येतात. नवशिक्याने प्रश्न टाकण्याची ती जागा नव्हे, कारण तेथे भाषेच्या घडणीचे काम चालते. परंतु जाणकार माणसे मतभेद कसे मांडतात हे पाहण्यासाठी मी ती अधूनमधून वाचतो.

सध्या चटकन सुटणाऱ्या अडचणींसाठी डिस्कॉर्ड आणि एखाद्या विशिष्ट लायब्ररीबद्दल (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाबद्दल) विचारायचे असेल तर लिबेरावरचे तिचे चॅनेल, अशी माझी विभागणी आहे. टेलिग्रामचे गट सोडले.